मागच्या पंखावर एकच ठिपका

प्रिय काव्या,

पाकीट हातात पडलं म्हणून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, बीपी ताब्यात आहे आणि हे लिहायला बसण्याआधी कडक भाकरी नि शेंगाचटणी खाऊन झाली आहे. तुमचं काय ठरलंय ते सगळं माझ्या कानावर आलं. जावई असून गुरूनं पूर्वेकडची खोली माझ्यासाठी रिकामी केली, शेजारच्या बसलिंगप्पांनी आपल्या घराला भाडेकरू बघितला, आणि दिवाळीनंतर मी सोलापूर सोडून बेंगळुरूला यायचं, ते कायमचं. भाडेकरूला मागच्या परसात फरशी घालून गाडी लावायची आहे आणि त्याला या आठवड्यात हो की नाही ते हवंय. उत्तर या पत्रात आहे. पण आधी माझी बातमी ऐकावी लागेल, कारण मला आता दम निघत नाही. काव्या, मला छोटा चांदवा सापडला!

हा कोण चांदवा, असं तुझं तोंड झालं असेल. तुला ते नारिंगी फुलपाखरू आठवतं का, पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरा पट्टा? तुझ्या शाळेच्या कुंपणाला रुई माजायची, तिथं ढिगानं असायचं. त्याला बिबळ्या कडवा म्हणतात. त्याची अळी रुईची पानं खाऊन वाढते, त्यामुळे ते अंगानं कडू. एखाद्या पाखरानं त्याला एकदा चोच मारली की पुन्हा ते त्या रंगाच्या वाटेला जात नाही. आता गंमत बघ. छोट्या चांदव्याची मादी मुळीच कडू नाही, पण कपडे मात्र हुबेहूब कडव्याचे घालते. तोच नारिंगी, तीच काळी टोकं, तोच पट्टा, आणि उडणंही तसंच सावकाश, जणू माझं कोण काय वाकडं करणार. तिचा नवरा मात्र काळाभोर, अंगावर पांढरे चंद्र आणि त्यांना जांभळी झाक. त्याला कुणीही ओळखेल. हिला ओळखायचं तर मागचा पंख बघायचा. कडव्याच्या मागच्या पंखावर मधल्या भागात काळे ठिपके असतात, मादीला तीन आणि नराला चार. चांदव्याच्या मादीला एकच, तोही वरच्या कडेला. पाखरं फसतात ती इथंच, आणि माणसंही.

तुझी अव्वा या नादाला लागली कशी, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तुझे अप्पा गेल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून मी वनविहारात जायचे. एका रविवारी बघते तर चारपाच जण एका झुडपाभोवती उकिडवे बसलेले. मला वाटलं कुणाची तरी सोन्याची चेन पडली. मी पदर खोचला आणि खाली वाकून शोधायलाच लागले. तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, काकू, जरा मागं व्हा, सावली पडली तर ते उडेल. ती उत्कर्षा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तुझ्याहून लहान आहे, पण डोळे वटारण्यात तुझ्यासारखीच. तिनं फोनवर फोटो मोठा करून त्या फुलपाखराचा डोळा दाखवला. अगं, डोळ्यालाही ठिपके! साठीच्या घरात आले आणि तोवर हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी फाटकापाशी उभी.

दर रविवारी फुलपाखरं मोजणाऱ्या आमच्या या गटात धोंडीराम म्हणून एक आहेत. श्रीपूरच्या साखर कारखान्यातून निवृत्त होऊन इथं मुलाकडं राहतात. स्कूटरवरून मला नेतात-आणतात आणि वाटेत माझी यथेच्छ थट्टा करतात. आमची मोजणी म्हणजे एकानं नाव पुकारायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. कडवा इतका मिळतो की त्याच्याकडं कुणी धड बघतच नाही. कडवा, कडवा, अजून एक कडवा, असं भाजीवालीनं जुड्या मोजाव्यात तसं चाललेलं असतं. उत्कर्षा एकदा म्हणाली की चांदव्याची मादी सापडत नाही ती याचमुळं. रोजच्या ओळखीच्या चेहऱ्याला कोण दुसऱ्यांदा बघतो. ते माझ्या डोक्यात बसलं. त्या दिवसापासून मी एकही कडवा तसा सोडला नाही. प्रत्येकाचा मागचा पंख बघायचाच. उन्हात पंख पसरेपर्यंत ताटकळायचं, आणि उडाला की त्याच्यामागं काट्याकुट्यांतून. माझ्या दोन साड्या त्यात फाटल्या, त्या मी तुझ्यापासून लपवल्या आहेत.

एकदा तर माझं चांगलंच हसं झालं. श्रावणात एक कडवा असा बसला की मागच्या पंखावर मला एकच ठिपका दिसला. मी सगळं वनविहार डोक्यावर घेतलं. लोक चालायचे थांबून बघायला लागले. धोंडीराम वाकले, शांतपणे निरखून म्हणाले, “ताई, बिबळ्याच हाय त्यो. बाकीचे ठिपके पुढच्या पंकाखाली दडल्यात की.” आणि खरंच, तो जरा सरकला तर बाकीचे हजर. नंतर कितीतरी दिवस मी दिसले की धोंडीराम म्हणायचे, चला, ताईंचा चांदवा शोधू. मला राग यायचा आणि हसूही यायचं. पण हट्ट सोडते ती मी कसली!

आणि ती मिळाली कुठं, सांगू? आपल्या मागच्या परसात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. नळाशेजारी घोळ माजली आहे ना, तीच भाजीची घोळ, सकाळी तिथं भांडी विसळत होते. एक कडवा येऊन घोळीवर घुटमळायला लागला. मी सवयीनं बघितलं. मग मनात आलं, कडव्याचं घोळीशी काय काम? त्याचा संसार रुईवर. तेवढ्यात तिनं पानाखाली पोट वळवून अंडं घातलं आणि उन्हाला पंख उघडले. मागच्या पंखावर, वरच्या कडेला, एकच ठिपका. काव्या, माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं तरी ती उडाली नाही. मी खरकट्या हातांनीच फोटो काढले. पण मागच्या फजितीनं जीव पोळला होता, म्हणून ओरडले नाही, फक्त उत्कर्षाला फोटो पाठवले. तिचा तास चालू असणार. तोवर मी घरातून परसात आणि परसातून घरात नुसती येरझारा घालत होते. लग्नाआधी तुझ्या अप्पांकडचा होकार यायचा होता तेव्हाही माझं असं झालं नव्हतं. उत्तर आलंच नाही. दुपारी दारात स्कूटरच उभी राहिली आणि मागं बसून उत्कर्षा स्वतः आली. धोंडीराम चप्पल काढायच्याआधीच म्हणाले, “ताई, औंदा तुमीच जिंकला. आता आयतवारी हितंच येतो आमी.” उत्कर्षानं मला घट्ट मिठी मारली. मला रडू फुटलं, आनंदानं. अप्पा गेल्यापासून आनंदानं मी पहिल्यांदा रडले.

आता घोळीवर अळ्या आहेत, काळ्या नि काटेरी, दिसायला भयंकर पण बिचाऱ्या गरीब. परवा तुझी शिवम्मा मावशी मैंदर्गीहून आली. आल्या आल्या विळी मागून घोळ खुडायला बसली. मी अशी किंचाळले की ती मागंच पडली. “हुच्चु हिडदद येन निनग,” म्हणाली, वेड लागलंय का तुला. मी तिला अळ्या दाखवल्या, फोटो दाखवले, आणि तीन ठिपके कुठं, एक ठिपका कुठं हे तिच्याकडून पाठ करून घेतलं. जेवताना तीच मला शिकवायला लागली.

त्याच जेवणावर शिवम्मा बोलून गेली, आणि म्हणून हे पत्र. तू तिला म्हणालीस की अव्वा हल्ली ‘बरी आहे’ म्हणते आणि दोन मिनिटांत फोन ठेवून देते, ती आतून पार खचली आहे. त्यावरूनच ना तुम्ही दोघांनी खोली रिकामी केलीत? ऐक, बाळा. अप्पा गेल्यावरच्या त्या पहिल्या वर्षात तू रोज विचारायचीस, अव्वा, कशी आहेस, आणि मी म्हणायचे, बरी आहे. ते खोटं होतं. तेव्हा मी तुला फोन ठेवू देत नव्हते. भाजी काय केलीस, गुरूची सर्दी गेली का, तुझ्या शेजारणीच्या सासूचं कसं आहे, तू ‘ठेवू का’ म्हणालीस की मी नवीन काहीतरी काढायचे, कारण फोन ठेवला की घरात आवाज उरत नसे. आणि तुला वाटायचं, अव्वा छान गप्पा मारतेय, सावरली. आताही मी तेच दोन शब्द म्हणते, त्याच आवाजात, आणि पटकन ठेवते, कारण दारात स्कूटरचा हॉर्न वाजत असतो किंवा घोळीवर एखादी अळी कात टाकत असते. हे मात्र खरं आहे. फोनवर खरं नि खोटं दोन्ही सारखंच ऐकू येतं, म्हणून लिहून कळवते. मी येणार नाही, काव्या. बसलिंगप्पांना मीच सांगते. गुरूला म्हणावं, त्यानं माझ्यासाठी खोली रिकामी केली हे मी जन्मभर विसरणार नाही, आणि ती खोली कुणाला देऊही नको म्हणावं. कारण उद्या कधी मी फोन लांबवायला लागले, उगाच शेजारणीच्या सासूपर्यंत जायला लागले, तर काही न विचारता गाडी काढ आणि मला न्यायला ये. त्या दिवशी मी नाही म्हणणार नाही.

तुझीच, आत्ता खरोखर बरी असलेली,
अव्वा