खोली मोठी होतेय

४ जून
लागले एकदाची कामाला! मेंदूवर संशोधन करणाऱ्या विभागात मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय, खुर्ची गोल फिरते आणि चहा फुकट आहे. काम सोपं. स्किझोफ्रेनिया झालेल्यांच्या मेंदूची दरवर्षी काढलेली चित्रं पडद्यावर लावायची आणि मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या ज्या पोकळ्या असतात, त्यांच्या कडा गिरवायच्या. इथे सगळे त्यांना ‘खोल्या’ म्हणतात. आजार पुढे सरकतो तशा बऱ्याच जणांच्या खोल्या मोठ्या होतात आणि भोवतीचा करडा थर, म्हणजे ‘भिंत’, पातळ होतो. सुरुवातीच्या वर्षांत जास्त, म्हणून औषधाला उशीर नको, असं विभाग चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

तुलनेला निरोगी डोकी लागतात, म्हणून माझंही चित्र काढलं. स्वच्छ निघालं. डोक्यात मेंदू आहे हे सिद्ध झाल्याचं दादाला फोन करून कळवलं. तो म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. दादाला हाच आजार आहे. गोळ्या नेमाने घेतो, घड्याळं दुरुस्त करतो आणि माझी खेचायची एक संधी सोडत नाही.

२० जुलै
भाड्याची खोली मस्त आहे, कामावर चालत जाता येतं. शेजारची खोली रिकामी आहे असं घरमालकीण सांगते. मग पलीकडे खाकरतं कोण? बाईचा काहीतरी झोल दिसतोय.

९ सप्टेंबर
शेजारी माणूस आहेच. मी केस विंचरायला घेतले की म्हणतो, घेतला कंगवा. भाजी चिरली की म्हणतो, चिरते बघा. शेवटी मी भांडायला गेले, तर घरमालकिणीने कुलूप काढून खोली दाखवली. मोडकी खाट आणि धूळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज विभागात माझं पुन्हा चित्र काढलं. कसं आलं विचारलं, तर मॅडम छान म्हणाल्या.

११ नोव्हेंबर
खाट भिंतीला लावलेली आहे, तरी झोपून हात लांब केला की भिंत लागत नाही. खिडकी दारापासून लांब गेलीय. भिंत मात्र इतकी पातळ झालीय की त्याचा श्वास ऐकू येतो.

मॅडमकडे रजा मागायला गेले. म्हटलं, माझी खोली मोठी होतेय, भिंत पातळ झालीय, झोप लागत नाही. त्यांचा चेहरा खाडकन उतरला. कुणी दाखवलं तुला, म्हणाल्या. तुझी चित्रं तर कुलपात होती.

मी भाड्याच्या खोलीबद्दल बोलत होते.

१२ नोव्हेंबर
मॅडमना सप्टेंबरपासून माहीत होतं. आजाराआधीचं चित्र सहसा कुणाचंच हाती लागत नाही म्हणे, माझं लागलंय. आता मार्चच्या चित्रापर्यंत औषध घ्यायचं नाही, नाहीतर सगळ्यावर पाणी पडेल. पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, तू आमचं सोनं आहेस.

दादाला फोन केला. या वेळी त्याने चेष्टा केली नाही. म्हणाला, दार लावून बस, मी निघालोच, माझ्या डॉक्टरांकडे जाऊ. मला फार भीती वाटतेय. दादा लवकर यायला हवा.

१३ नोव्हेंबर
पलीकडचा म्हणतो येणारा दादा नाहीच — दादाचा आवाज काढणारं कुणीतरी — त्याला घड्याळातलं काही विचार, सांगता येणार नाही म्हणतो —

खिडकी दिसत नाही इथून.

१४ नोव्हेंबर
दार वाजतंय. दादाचाच आवाज. रडतोय. म्हणतो बाळा उघड, गोळी आणलीय, मीही असाच बसलो होतो दार लावून —

उघडणार होते. दार किती लांब —

पलीकडचा म्हणाला थांब. दादा कधी रडतो का?

खाली मॅडमची गाडी आली. त्यांना फोन मीच केला, तो म्हणाला म्हणून. बाहेर दादाला त्या शांतपणे सांगतायत, तिची इच्छा नाही, तुम्ही जा —

दादाची पावलं जिना उतरली.

तो म्हणतो, जा, चित्र काढून ये. मी कुठे जातोय? जागा झालीय आता, दोघांना पुरेल एवढी, आणि मार्चपर्यंत तर