चकत्यांचा डबा

दि. ९ मार्च

प्रिय ताई,

तुला नमस्कार आणि भाओजींच्या गुडघ्यालाही. तोच सध्या घरातला कर्ता पुरुष झालाय, असं तूच फोनवर म्हणालीस.

इकडे ठीक. निवृत्तीला तीन आठवडे उरलेत. वर्गातलं कपाट आवरलं, तर अडतीस वर्षांत जप्त केलेल्या गोट्यांची पिशवीच निघाली. एकाही पोराला परत केल्या नव्हत्या, बघ.

निरोपसमारंभात तुला दोन शब्द बोलायचेत, म्हणून आपल्या कॉन्व्हेंटातल्या गमती लिहून मागितल्यास. घे तर.

किल्ल्यांची सिस्टर आठवते? कमरेचा जुडगा वाजला की अख्खा वर्ग चिडीचूप. मग एक दिवस ती जुडगा मुठीत घट्ट धरून आली आणि आम्ही सगळ्या बाकांवर नाचताना रंगेहाथ सापडलो.

आणि शुक्रवारचं कन्फेशन! आठ वर्षांच्या मुलीकडे दर आठवड्याला नवी पापं येणार कुठून? रांगेत उभ्या उभ्या आम्ही ती उसनी घ्यायचो. 'तू खोटं बोलल्याचं सांग, मी आईला उलट बोलल्याचं सांगते.' एकदा काहीच सुचेना, तेव्हा तुझंच ऐकलेलं ठोकून दिलं, "फादर, मी धाकट्या बहिणीला चिमटे काढले." जाळीपलीकडून फादर म्हणाले, "बाळ, तुला धाकटी बहीण कधी झाली?" 

हे सांग, लोक हसतील. अजूनही आहेत, पण खरं सांगू का, मी चालढकल करतेय.

ताई, चकत्यांचा डबा मी संपवला होता.

मिस्सेच्या प्रार्थनेत प्रसाद म्हणून वाटायच्या त्या पातळ पांढऱ्या चकत्या, अजून वेदीवर न गेलेल्या. चॅपलच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे असायची. सिस्टरचा तेवढा विश्वास फक्त तुझ्यावर. मधल्या सुट्टीत तुझ्या दप्तरातून मी ती काढली. एकच चाखून बघायची होती. ती टाळूला चिकटली, म्हणून दुसरी. मग डब्याचा तळच दिसला. चव म्हणशील तर कागदासारखी. मेली चव तरी असायची!

सिस्टरने तुला धरलं. तू "मी नाही" एवढंच म्हणालीस. मॉनिटरपद गेलं आणि अध्यापिका विद्यालयासाठी ती देणार होती ते शिफारसपत्रही. त्याशिवाय तिथे कुणी उभं करत नव्हतं. बाबांनी तुला शिवणक्लासला घातलं.

मी अगदीच गप्प बसले नव्हते गं. त्याच शुक्रवारी फादरांना सांगितलं. पहिल्यांदाच माझं स्वतःचं पाप. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जा, सिस्टरला सांग."

"त्यापेक्षा पन्नास प्रार्थना म्हटल्या तर?"

"नाही."

तरी मी पन्नास म्हटल्या, वर दहा जास्त. मला वाटलं, फादरांना कळलं म्हणजे आता तेच बघून घेतील. कन्फेशनमध्ये ऐकलेलं त्यांना कुणापाशी काढता येत नाही, हे मोठेपणी समजलं. शाळेतल्या तुझ्या शेवटच्या दिवशी ते फाटकाशी उभे होते. तुला "येत जा गं" म्हणाले आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी बुटाची नाडी बांधत बसले. ती सुटलेली नव्हती.

तेव्हा आठ वर्षांची होते, ठीक आहे. पण अठराव्या वर्षी त्याच सिस्टरकडून तेच शिफारसपत्र घेतलं, तेव्हा मला सगळं कळत होतं. आणि तू माझे ड्रेस शिवत बसलेलीस, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतीस, "आमची धाकटी बाई होणार!" तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मला तुझी भीती नव्हती वाटत. पत्र हातचं जाईल याची वाटत होती.

समारंभात माझ्या अडतीस वर्षांचं कौतुक होईल. ती नोकरी तुझी होती, ताई. मला लाज वाटते. आता भीतीही वाटते, ती तुझीच. हे वाचून तू रविवारचा फोन बंद करशील आणि मला 'का' असं विचारायचीही सोय राहणार नाही.

तरी ये. माईक हातात आला की उसन्या पापांचं सांगू नकोस, हे सांग. माझं नाव घेऊन सांग. माझे सगळे विद्यार्थी तिथे असतील, त्यांनाही ऐकू दे.

तू अजून म्हणू देशील तर,
तुझी धाकटी