बुधवार आणि लोणीवाल्या मुली

मंगळवार, ४ फेब्रुवारी
चॅपेलमागच्या खोलीत प्रौढांचा वेल्श क्लास. आज वारांची नावं शिकवली. फार रंगलो. बुधवारला 'मेर्खेर' का म्हणतात? 'मेर्ख' म्हणजे मुलगी. पूर्वी त्या दिवशी मुली लोणी विकायला बाजारात यायच्या. ही गोष्ट मला तिथल्या तिथे सुचली. लेस्टरहून रिटायर होऊन आलेल्या नायजेलनं विचारलं, मर्क्युरी देवावरून नसेल ना? म्हटलं, इंग्रजी डोकं घरी ठेवून येत जा. सगळे हसले. तो कानापर्यंत लाल.

बुधवार, ५ फेब्रुवारी, सकाळ
कोश सहज उघडला. (झोप लागली नव्हती.) मेर्खेर : मर्क्युरी, रोमनांचा देव, आपला बुध ग्रह. सोमवार लूनाचा, मंगळवार मार्सचा, शुक्रवार व्हीनसचा. सातही वार रोमनांकडून आलेले. आपला एकही नाही.
नायजेलची माफी मागायची. आजच.

दुपार
पाऊस. पावसात माफी नीट मागता येत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
नायजेल दुकानात दिसला. चीजच्या फ्रिजमागे उभा राहिलो. लपलो नाही, चीज बघत होतो. विकतही घेतलं.
नेस्टा म्हणाली, तुला चीज बाधतं ना रे? मग तिला सगळं सांगितलं. म्हणाली, एक वाक्य आहे, जाऊन बोलून टाक. बायकोला सगळंच सोपं वाटतं.

रविवार, ९ फेब्रुवारी
प्रवचन खोट्या साक्षीवर. पाद्री माझ्याकडेच बघत होते. ठरलं : मंगळवारी क्लाससमोर कबुली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
नायजेल आलाच नाही. भाषा मरतेय म्हणून गळा मीच काढतो, आणि शिकायला आलेल्या माणसाला हाकलतोही मीच. 
तो नसताना कबुली देण्यात अर्थ नव्हता. आकडे घेतले. आकड्यांत धोका नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी
नेस्टानं केक हातात देऊन घराबाहेर काढलं. नायजेलनं दार उघडलं आणि त्यानंच माफी मागितली. शनिवारी पबमध्ये क्विझ होती. शेवटचा प्रश्न, मेर्खेर कोणत्या देवावरून? यानं ठणकावून सांगितलं, देवबिव नाही, लोणीवाल्या मुली. टीम हरली. हा भांडला, माझं नाव सांगितलं, तर सगळा पब हसला. माझा असा अपमान त्याच्यामुळे झाला असं वाटून तो लाजला, म्हणून क्लासला आला नाही.
मग मात्र सांगितलं. सगळं. मान वर न करता.
 मग म्हणाला, टीम माझ्याशी बोलत नाही. शनिवारी पबमध्ये हेच उभं राहून सांगा. मी गाडी घेऊन येतो.
हो म्हटलंय. हो म्हणायलाच हवं होतं.
आत्तापासून घसा दुखतोय.