मनमोकळा तास

१० जून

चि. चिमीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे मुख्य कचेरीत सर्व कुशल. बातमी अशी की तुमच्या बुटांच्या कारखान्यात माझी योजना लागू झाली. दर शुक्रवारी 'मनमोकळा तास'. कामगारानं बोलायचं, साहेबांनी मध्ये तोंड न घालता ऐकायचं, शेवटी आभार मानायचे. त्यातली ओळन् ओळ माझी. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पुस्तकं वाचून शिकलो. पण बाया मुक्या बसतात असं कळलं. एरवी तू घर डोक्यावर घेतेस, तिथेच दातखिळी का बसते? सुरुवात तू कर, माझी लाज राख. मी आहे ना पाठीशी!

तुझा,
दादा

२२ जून

ती. दादास शि. सा. न.

राखली तुझी लाज. खिडक्या बंद असतात, चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासानं गरगरतं, बोटं बधीर झालीत, चहाचा कप हातातून निसटतो, सगळं उभं राहून सांगितलं. साहेबांनी खरंच मध्ये तोंड घातलं नाही. टाळ्यासुद्धा वाजवल्या. खिडक्या अजून बंदच आहेत. शेजारच्या मशीनवरची म्हणाली, तुझ्या दादाच्या जिवावर आता मीही बोलते, माझेही हात गेलेत. तेवढं खिडक्यांचं बघ. वहिनीला नमस्कार.

तुझी,
चिमी

३ जुलै

चि. चिमीस आशीर्वाद.

तुझं बोलणं वाचून ऊर भरून आला. मालकांनाही दाखवलं. आता रागावू नकोस. बोटं बधिर असतील त्याला मशीनवर बसवायचं नाही, हे कलम मीच घातलंय, तुमच्याच भल्यासाठी. बहिणीला सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील. तेव्हा सोमवारपासून घरी विश्रांती घे. पगार मिळणार नाही, पण जिवापेक्षा काय मोठं? खिडक्यांचं पुढच्या वर्षी बघू. आणि 'बधिर'मधला धि ऱ्हस्व. तू दीर्घ लिहिलास.

कळावे, प्रकृतीस जपणे.
दादा

१९ जुलै

ती. दादास सा. न.

बाया भेटून गेल्या. कालच्या तासाला एकजात सगळ्या 'मजेत आहे' म्हणाल्या. मालकांनी तुझं नाव घेऊन कौतुक केलं म्हणे. अभिनंदन.

शेजारच्या मशीनवरचीच्या बोटातून काल सकाळीच सुई आरपार गेली होती. बुटावर रक्त दिसलं म्हणून दुसरीनं सांगितलं, तेव्हा तिला कळलं. तासाला ती हात पाठीमागे धरून उभी राहिली आणि सगळ्यांत मोठ्यानं 'मजेत' म्हणाली. तिची नोकरी आहे अजून.

लोभ ठेव, पण लांबूनच.
चिमी