आकृत्या माझ्या, अक्षर तुझं

पिंपळगाव रेणुकाई,
६ फेब्रुवारी २०२६

प्रिय रितिका,

पत्र बघून दचकली असशील. आपल्या वयाचं कुणी पत्र लिहीत नाही, हे मलाही माहीत आहे. पण फोन केला असता तर तू पहिल्याच मिनिटाला रडायला लागली असतीस, मग मीच तुझी समजूत काढली असती, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं असतं की मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं. दोन वर्षं असंच चाललंय. म्हणून कागद. शेजारचे कारभारीकाका उद्या हरभऱ्याचा भाव बघायला जालन्याला निघालेत. हे पत्र आणि चार्टची गुंडाळी ते तुमच्या दुकानात राधेश्यामकाकांच्या हातात देतील.

इकडे सगळे मजेत आहेत. आईचे गुडघे दुखतात, तरी शेतात जायचं सोडत नाही. अण्णा बरे आहेत. माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. बायोडाटा चुलत्यांनी टाइप करून आणला, त्यात शिक्षणापुढे नुसतं 'बी.एस्सी.' लिहिलं. मागच्या महिन्यात भोकरदनची मंडळी येऊन गेली. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि मुलाच्या मामाने मार्कशीट मागितली. मी आत जाऊन पाणी प्यायले. बाहेर काय सांगितलं कोण जाणे, पण ती मंडळी पुन्हा फिरकली नाहीत.

घरी बसंतीकाकूंना नमस्कार सांग.

तुझे नऊ चार्ट झाले. पेशी, फुलाचे भाग, हृदय, पचनसंस्था, सगळं तू सांगितलंस तसंच. 'तेराला बी.एड.चं सबमिशन आणि दहाला गॅदरिंग, दोन्ही एकदमच आलंय गं, तूच वाचव' असा तुझा मेसेज वाचून मला हसू आलं. तुझी गॅदरिंगं आणि तुझी सबमिशनं कायम एकदमच येतात, आणि वाचवायला कायम मी. चार्टवर बाण काढलेत, पण बाणांपुढे नावं लिहिलेली नाहीत. ती तू लिही. अक्षर तुझं चांगलं आहे.

आपलं ठरलेलंच होतं ना तसं? आकृत्या माझ्या, अक्षर तुझं. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात निम्म्या मुलींचं असंच चालायचं, आणि सरांना कळूनही ते गप्प बसायचे. दोन्ही जर्नलमध्ये आकृत्या मी काढायच्या आणि दोन्हींत मजकूर तू लिहायचा. मी तुझी सगळी पानं जानेवारीतच पुरी केली होती. माझं जर्नल लिहायला म्हणून तुझ्या घरी होतं.

मग गॅदरिंग आलं. आठ दिवस तुमच्या गच्चीवर प्रॅक्टिस. मला नाचायची परवानगी नव्हती, हे तुला माहीत होतं. पहिल्या वर्षीच अण्णांनी दम दिला होता, "कॉलेजात नाचगाणं बिलकुल न्हाई. तसलं कानावर आलं तर दुसऱ्या दिवशी दाखला काढून आणीन." तरी मी नाचले. तू ओढलंस म्हणून नाही, मला हौस होती म्हणून. पहिल्या रांगेत, हिरवी नऊवारी नेसून. आपल्याला पहिला नंबर मिळाला आणि ढाल सरांच्याच हातून घेतली.

जर्नल द्यायची शेवटची मुदत त्याच्या दुसऱ्या दिवशी चारपर्यंत होती. मी साडेतीनला आले तेव्हा तू विभागाच्या दारातून बाहेर येत होतीस. म्हणालीस, "टेन्शन घेऊ नको, दोन्ही दिली शिपायाजवळ." मी तुला आइस्क्रीम खाऊ घातलं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सरांनी यादी वाचली, त्यात माझं नाव नव्हतं. माझं जर्नल आलेलंच नाही म्हणाले. मी तुझ्याकडे बघितलं, आणि तू म्हणालीस, "शिपायानं हरवलं असंल." आतली परीक्षा संपेपर्यंत मी पायऱ्यांवर बसून होते.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं नाही. संध्याकाळी सरांनी मला बोलावलं होतं. ते म्हणाले, उद्या सकाळी वडिलांना घेऊन या, प्राचार्यांकडे अर्ज द्या, दुसऱ्या बॅचमध्ये बसवता येतं का बघू. त्यांनी एक दिवस दिला होता, रितिका. आणि मी अण्णांना नेलं नाही. सर त्यांच्यासमोर म्हणणार, गॅदरिंगमध्ये नाचायला वेळ होता, जर्नलला नव्हता. या एका वाक्याच्या भीतीने मी घरी येऊन सांगितलं की प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले. अण्णा म्हणाले, "बस झालं मंग." तेवढंच. दप्तर माळ्यावर गेलं आणि मी शेतात.

म्हणून मी तुला एकटीला दोष देत नाही. पण देत नाही असंही नाही.

आता त्या फोटोचं. यंदा जानेवारीत तू चार्टचा नमुना म्हणून एका पानाचा फोटो पाठवलास. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद. 'माझ्या जुन्या जर्नलमधलं आहे, असंच स्वच्छ काढ' असं खाली लिहिलं होतंस. तुझी चूक होणं साहजिक आहे, दोन्ही जर्नलमध्ये हात माझाच. पण वरच्या कोपऱ्यात रोल नंबर एक्केचाळीस आहे. तो माझा. खाली सरांची सही आणि तारीख आहे. आणि उजवीकडे मजकुराचं रेघांचं पान दिसतं, त्यावर एक अक्षर नाही.

मी तो फोटो मोठा करून करून बघितला. म्हणजे तुझं लिहून झालं नव्हतं. आठ दिवस गच्चीवर गेले, आणि शेवटच्या दिवशी मला तसं सांगायची तुला लाज वाटली. त्या दुपारी खरं बोलली असतीस तर आपण दोघींनी त्याच पायऱ्यांवर बसून अर्ध्या तासात जमेल तेवढं लिहिलं असतं, सर ओरडले असते आणि विषय संपला असता. बरं, तेव्हा घाबरलीस, समजलं. नंतरची दोन वर्षं? तुझ्या पदवीचे पेढे तू मला आणून दिलेस. तेव्हाही ते जर्नल तुझ्या कपाटात होतं.

मी कॉलेजात फोन केला होता. राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म भरता येतो, सोमवारी सोळा तारखेला मुदत संपते, आणि माझ्यासाठी ही शेवटची संधी आहे. सर म्हणाले, प्रत्येक पानावर त्यांची सही असलेलं जुनं जर्नल असेल तर चालेल, नसेल तर नाही. राहिलेला मजकूर मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहीन. सोमवारी अकरा वाजता विभागात जर्नल घेऊन ये, आणि ते कुठे होतं हे सरांना तुझ्या तोंडाने सांग. शिपायाचं नाव घेऊ नकोस. त्या बिचाऱ्याने तेव्हा माझ्यामुळे बोलणी खाल्ली आहेत.

आणखी एक राहिलं. ते लिहायचं टाळत होते.

काल रात्री जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. नापास झाले नव्हते, जर्नल पोचलं नव्हतं, सरांनी तुम्हाला बोलावलं होतं आणि मी आणलं नाही, कारण मी नाचले होते. आईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

अण्णा म्हणाले, "नाचल्याचं मला त्याच रात्री कळल्तं. पप्पूनं मोबाइलवर दाखवल्तं."

पप्पू म्हणजे माझा आत्येभाऊ. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"काय बोलू? दोनदा पाह्यलं मी ते. बराबर नाचत होतीस." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मला वाटलं, नाचण्यात अभ्यास बुडला अन् नापास झाली. जर्नलचं सांगितलं असतंस तर त्या प्राचार्याच्या दारातून हाललो नसतो. तू सांगशील, सांगशील म्हणून आजपस्तोर वाट पाहून राह्यलो."

रितिका, ज्यासाठी मी तोंड शिवून बसले ते अण्णांना आधीच माहीत होतं. माझी दोन वर्षं फुकट गेली. तुझ्या एका खोट्याने गेली आणि माझ्या एका खोट्याने. तुझा राग येतो तो येतोच. पण काल रात्री उशी तोंडात धरून रडले ती तुझ्यासाठी नाही.

सकाळी अण्णांनी फक्त एवढंच विचारलं, "सोमवारी पहिली एसटी किती वाजता हाय?"

आम्ही दोघं येतोय. तू आलीस तर अण्णा तुला काही बोलणार नाहीत, तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. नाही आलीस तर तुझ्या दारात आम्ही येणार नाही. मग फॉर्म राहील, आणि मार्कशीट मागणाऱ्या पुढच्या मंडळींना खरं काय ते मी स्वतः बाहेर येऊन सांगेन, तुझ्या नावासकट.

पत्राच्या शेवटी 'तुझीच' लिहितात. ते लिहायचं की नाही, हे सोमवारनंतर बघू.

आकांक्षा अण्णासाहेब शेजूळ