चाचांचा बोल्ट आणि नवं मशीन

२ एप्रिल, गुरुवार

मशीन आलं. दु. साडेतीनला टेम्पो. चौघांनी उतरवलं, तरी हेल्पर सिद्रामच्या बोटाला लागलंच. चारशे अँपिअरचं वेल्डिंग मशीन, आन आकार बघावा तर घरातल्या कूलरएवढा! आमचं जुनं तेलाचं मशीन याच्या तिप्पट. ते चालू केलं की अर्धी एमआयडीसी घुमायची.

उस्मान चाचांना, माझ्या उस्तादांना, फोन केला. आधी कोणी-कोणी उतरवलं ते विचारलं. मग म्हणाले, "खोका फाडू नको रे मल्ल्या. मी आल्यावर फाडू."

बरं म्हणालो. पण येणार कसे? फेब्रुवारीत छातीत पेसमेकर बसलाय, डावीकडं, खांद्याच्या जरा खाली. डॉ. स्पष्ट म्हणाले, वेल्डिंगजवळ जायचं नाही, पुढचं तपासणीत बघू. चाचांना त्यातलं "पुढचं बघू" एवढंच ऐकू आलं.

पंचवीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली मी, आता शेड मी चालवतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कशा बांधायच्या ते त्यांनीच शिकवलं. हे मशीन घे म्हणून दोन वर्षं मागं लागले होते. पहिली ठिणगी मीच पाडणार, असं अख्ख्या शेडला सांगून ठेवलंय त्यांनी. आता काय करू?

३ एप्रिल, शुक्रवार

मशीन बसवायला पुण्याहून कंपनीच्या मॅडम आल्या. प्रणिता. पंचविशीच्या असतील. सिद्राम माझ्या कानात, "मालक, हिला वेल्डिंगचा टॉर्च तरी उचलंल का?" तासाभरात तोच मॅडम-मॅडम करत मागं फिरत होता.

आमी ठरवलेली जागाच रद्द. भिंतीला चिकटवायचं नाही, मागं हात-दीड हात मोकळं, पंख्याला हवा पाहिजे. ग्राइंडरजवळ तर नकोच, लोखंडाचा चुरा आत गेला की मशीन संपलं. वेल्डिंगच्या गॅसचा सिलिंडर साखळीनं भिंतीला. मशीनला स्वतःचा मेन स्विच, हात पोचेल असा. आन बॉडीला जाडजूड हिरवी वायर, थेट आर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत.

मग खड्डा तपासला. मीटर बघून मान हलवली.

"खड्डा कोरडा आहे. पाणी शेवटचं कधी घातलंत?"

मी सिद्रामकडं, सिद्राम माझ्याकडं. गावाला पाणी पाच दिवसाआड, आन खड्ड्याला कोण घालतंय? प्यायच्या पिंपातल्या चार बादल्या ओतल्या. काटा हलला की! मातीत पाणी मुरतं आन माणसाचा जीव वाचायची सोय होते. इतकी वर्षं त्या खड्ड्यावर सायकल लावतोय मी.

खोका फाडायलाच लागला. चाचांना सांगितलं नाही.

आत जाड पुस्तक. पहिल्या पानांतच एक चित्र, काळजाचं, त्यावर आडवी रेघ. मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "पेसमेकरवाल्यांनी त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळ यायचं नाही. एवढा करंट केबलमधून गेला की भोवती चुंबक तयार होतं. छातीतलं मशीन गोंधळू शकतं."

"जवळ म्हणजे किती फूट?"

"ते मी नाही सांगणार. त्यांचे डॉक्टर सांगतील."

चित्राचं पान दुमडून ठेवलं.

४ एप्रिल, शनिवार

आज चालू केलं. पहिली ठिणगी कुणी पाडायची? मी म्हणालो, मी नाही. सिद्राम पण मागं सरला. मॅडम हसल्या, हातमोजे चढवले, हेल्मेटची काच खाली केली आन पाडली.

मग माझी पाळी. काय लिहू! जुन्या मशीनला रॉड घासून-घासून मनवायला लागायचं. हे बटण दाबताक्षणी पेटतं. काळ्या काचेतून बघितलं तर लोखंडाचं पाणी झालेलं, चिंचोक्याएवढं, आन ते माझ्या हाताबरोबर पुढं पुढं चाललंय. मागं ते गोठतंय, पुढं वितळतंय. आन मशीनला आवाज म्हणून नाही. जो काय आवाज तो नुसता ठिणगीचा. पंचवीस वर्षं हेच करतोय, तरी अंगावर काटा आला. काच वर केली तर सगळे माझ्याकडं बघतायत. मी रडल्यासारखा दिसत होतो म्हणे. घाम होता, असं सांगितलं.

निघताना मॅडमचं लक्ष मधल्या खांबाकडं गेलं.

"हे काय आहे?"

चाचांचा बोल्ट. तीस वर्षांमागं शेड उभी केली तेव्हा त्यांनी स्वतः खांबाला वेल्ड केलेला. जॉबमधून, म्हणजे ज्या लोखंडाला वेल्ड मारायचा त्यातून, मशीनकडं करंट परत नेणारी केबल आमी त्या बोल्टलाच आवळतो. म्हणजे खांबाला जोडलेले लोखंडी रूळ शेडभर टाकलेत, त्यांवर कुटंही जॉब ठेवा, वेल्डिंग होतंच. खंडेनवमीला बोल्टला हळदकुंकू, झेंडूची माळ. माळ चाचाच घालतात, पहिल्या वर्षापासून. वाळलेली अजून तितंच होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मल्लिनाथदादा, हा काढायचा. परतीच्या केबलचा क्लँप थेट जॉबवर, वेल्डच्या जवळ. खांबावर कधीच नाही."

"काढतो," म्हणालो.

हात धजला नाही.

६ एप्रिल, सोमवार

सकाळी चाचांकडं. गादीवर बसून मटकी निवडत होते. ज्या हातानं लोखंडी चॅनेल सरळ केले त्या हातानं मटकी.

"खोका तसाच हाय ना रे?"

व्हय म्हणालो. खोटं बोललो. त्यांच्या सूनबाई नसरीननं दारातून माझ्याकडं बघितलं.

चाचा म्हणाले, "डॉक्टर को मैं समझाता. आधा घंटा बस."

समजावून काय व्हायचंय, चाचा.

९ एप्रिल, गुरुवार

दु. ट्रॉलीच्या चासीचं लांबचं टोक वेल्ड करत होतो. परतीची केबल तितंवर पुरेना. मी काय केलं? सवयीनं क्लँप काढला आन केबल आवळली चाचांच्या बोल्टला. मॅडमनी सांगून पाच दिवस झालेत! चासीचा एक चॅनेल मशीनच्या बॉडीला टेकला होता, तेही बघितलं नाही.

पाचेक मिनिटं झाली असतील. सिद्राम ओरडला, "मालक, रबर जळतंय!"

काच वर केली. मशीनची हिरवी वायर, आर्थिंगची. तिच्या अंगाला फोड आलेले, आन धूर.

मेन पाडला. मग बोल्टवरची केबल सोडवली.

१० एप्रिल, शुक्रवार

मॅडमना फोन. सगळं खरं सांगितलं. रागावल्या, पण आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं.

म्हणाल्या, रूळ जिथं खांबाला जोडलेत तो जोड आतून गंजलाय. करंटला ती वाट जड गेली. मग तो चासीतून मशीनच्या बॉडीत, बॉडीतून हिरव्या वायरीत, तितून, खांबालाही तेच आर्थिंग म्हणून, फिरून खांबात आन बोल्टात गेला. तीनशे अँपिअर, त्या वायरीतून.

"आणि ती जळून तुटली असती तर?" मी विचारलं.

"तर वेल्डिंग चालूच राहिलं असतं. कुणाला कळलंही नसतं. मग कधीतरी मशीनच्या आत बिघाड झाला असता आणि बॉडीला हात लावणारा गेला असता."

फोन ठेवून खांबाकडं बघत बसलो. तीस वर्षं! किती जण जुन्या मशीनला टेकून चहा प्यायले. मी प्यायलो, चाचा प्यायले, माझे वडील यायचे ते प्यायले. आमी हुशार म्हणून नाही वाचलो. कसे वाचलो ते देवालाच माहीत.

बायकोला, महादेवीला, जेवताना सांगितलं. भाकरी हातातच धरून बसली. मग एवढंच, "साकु, मल्लू. बोल्ट काढ." कानडीतलं साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात साकुनंतर कुणी बोलत नाही.

११ एप्रिल, शनिवार

लायसनवाला वायरमन सकाळीच आला. आमी बोलत होतो आन दारात रिक्षा थांबली. चाचा! पांढरा झब्बा, टोपी, एकटेच.

मी पळत जाऊन मेन पाडला, कुलूप लावलं, किल्ली खिशात. ग्राइंडर बंद, ड्रिल बंद. शेड चिडीचूप.

चाचा उंबऱ्यावर उभे. "मी आलो आन शेड बंद? भूत हाय का मी?"

मग मीच सगळं ओकलो. खोका फाडला. चित्र. बोल्ट काढतो म्हणून काढला नाही. वायर. धूर.

चाचा ऐकत मशीनपाशी गेले. बंद होतं, गार होतं. पाठीवर हात ठेवला.

"एवढंसंच?"

"एवढंसंच, चाचा."

"पहिली ठिणगी कुणी पाडली?"

"मॅडमनी. पुण्याच्या."

मला वाटलं आता फुटतील. पण हसले! "पोरीनं? अच्छा किया की."

जळकी वायर मागून घेतली. बोटानं फोड चाचपत राहिले, बराच वेळ. मग खांबाकडं बघितलं आन म्हणाले, "हॅकसॉ दे."

"चाचा, नक्को. मी कापतो."

"लावला कुणी?"

दिला. उजव्या हातानं कापत होते, डावा हात खाली सोडलेला. श्वास लागत होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभा. निम्मा कापला आन स्टुलावर बसले. उरलेला मी कापला. सिद्रामनं माळ अलगद काढून कोनाड्यात ठेवली.

चाचा म्हणाले, "मी लावला तेव्हा सगळीकडं असाच लावायचे." पाणी प्यायले. "तरी चूक होती. कुणी मेलं असतं तर माझ्या हातानं मेलं असतं."

माझा उस्ताद. मला कधी चूक झाली म्हणाला नव्हता. त्यांच्या पाया पडलो, मग मात्र घाम-बिम काही सांगितलं नाही, सरळ रडलो.

रिक्षात बसताना त्यांना विचारलं, बोल्टाचा तुकडा देऊ का. "भंगारात टाक," म्हणाले.

१३ एप्रिल, सोमवार

हिरवी वायर नवी. वायरमननं सगळं मोजून दिलं, मॅडमनी व्हिडिओ कॉलवर बघितलं, मगच मेन वर केला. परतीची केबल लांब मागवली. क्लँप जॉबवर. खड्ड्याला बादली, रोज सकाळी, सिद्रामची पाळी. महादेवी म्हणते धुण्याचं पाणी नेत जा.

ऊन लई. बाराच्या सुमारास मशीन आपोआप थांबलं, पिवळा दिवा लागला. मला वाटलं पुन्हा काही जळलं. पण पुस्तकात लिहिलंय: पूर्ण जोरावर दहातली सहा मिनिटं काम, चार विश्रांती. फार तापलं की स्वतःच थांबतं, पंखा चालू ठेवतं, गार झालं की दिवा विझतो. आमी सगळे दिव्याकडं बघत उभे. कुणी बंद करा म्हणालं नाही आन ते आपलं आपण थांबलं! चाचांना फेब्रुवारीत असा एक दिवा असता तर.

१४ एप्रिल, मंगळवार

सुट्टी. मॅडमनी डॉक्टरांसाठी कागद पाठवला. मशीन कोणतं, करंट किती, केबल कशी टाकलीय, सगळं. वर लिहिलंय, यांना किती लांब उभं राहता येईल, किंवा येणारच नाही, ते आपण ठरवावं. कागद नसरीनकडं दिला. तपासणी २० ता. ला.

चाचांनी कागद उलटासुलटा केला. "नहीं बोला तो?"

मी कागद नीट घडी करून नसरीनकडं परत दिला.

१५ एप्रिल, बुधवार

आजचं लिहायलाच पाहिजे.

जाड चॅनेल होता. सकाळपासून वेल्ड बिघडत होता. तडतड, उडतंय, चिकटतंय. सगळी बटणं फिरवून झाली. मॅडमचा फोन लागेना. तेवढ्यात चाचांचा आला, जेवला का म्हणून. मी स्पीकरवर टाकून फोन लांब फळीवर ठेवला, म्हणालो, चाचा, एवढा टाका मारून बोलतो.

टाका मारला. फळीवरून आवाज.

"ए मल्ल्या. तेल गार हाय."

"काय?"

"भजी सोडलीस पण तेल तापलं न्हाय. ऐक की कसं फुटकं तळतंय."

व्होल्टेज! मला कळलं. वाढवलं जरासं, पुन्हा मारला.

"अजून."

अजून वाढवलं. मारला. आन तो आवाज आला, एकसारखा, कुटं तुटत नाही, कढई भरून भजी तळावीत तसा. वेल्ड बघितला तर सरळ, चकचकीत, बोट फिरवावंसं वाटणारा. सिद्राम माझ्याकडं बघतोय, मी फोनकडं. या माणसानं हे मशीन चालू कधी बघितलंच नाही! गादीवर बसून, चार किलोमीटरवरून, नुसत्या कानानं.

"चाचा, कसं काय कळलं तुमाला?"

"फोन उजव्या कानाला लावलाय. छातीतलं मशीन डावीकडं हाय." जसं काय मी तेच विचारलं होतं! मग हळू, "डोळे मिटलेत मी. थांबू नको. मार."

मारत राहिलो. एवढं सांभाळून मी वेल्डरच्या परीक्षेलासुद्धा वेल्ड मारला नव्हता. ते मधूनच "हां" म्हणायचे, एकदा म्हणाले, "हात पळतोय तुझा." पळतच होता.

मग पिवळा दिवा. मशीन थांबलं. शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज, आन फळीवर चाचांचा श्वास.

"काय झालं रे?"

"तापलंय, चाचा. थांबलं. चार-पाच मिनिटं लागतील. ठेवू का फोन?"

"नक्को. मी हाय. थांबतो."