दोनास एक

५ जानेवारी, बिबवेवाडी
मिळाली! वाशिमहून आलेल्या बी.एस्सी. केमिस्ट्रीला पुण्यात अकराव्या दिवशी नोकरी. तळमजल्यावरचा एक गाळा. मालक श्यामसुंदर सर, शनिवार पेठेतले निवृत्त विज्ञान शिक्षक, फिटर सुदर्शनदादा, आणि मी. सोनारांना डाख लावायला, म्हणजे दागिन्यांचे सांधे जोडायला, लागणारी यंत्रं आम्ही बनवतो. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, दोनास एक, एकाच नळीतून. टोकाला सुईएवढी ज्योत. उन्हात दिसतही नाही, पण सोन्याची तार लोण्यासारखी वितळते. जळून उरतं काय, तर पाणीच! आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, पुण्याचे लोक काहीही खपवतात बाई.

१३ जानेवारी
सुदर्शनदादांनी साबणाच्या पाण्यात नळी बुडवून मूठभर फेस केला, नळी बाजूला ठेवली आणि लांब काडीने तो पेटवला. मूठभरच, पण धमाका छातीत बसला. वरच्या शिवणक्लासच्या वासंतीताई धावत खाली आल्या. माझ्या कानात अजून शिट्टी वाजतेय. साध्या गॅसला पेटायला हवा लागते. याची हवा याच्याच पोटात. म्हणून दादांचा नियम एकच: होईल तेवढा जाळायचा, साठवायचा नाही.

२२ जानेवारी
सरांनी तीन जुने सिलिंडर आणलेत. भरून ठेवायचे, सोनारांच्या प्रदर्शनात मोठी ज्योत दाखवायची. मी म्हटलं, सर, हा साठवत नाहीत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, आपला जन्म व्हायच्या आधीपासून शिकवतोय मी. पाणी आहे ते." सुदर्शनदादा पाना घेऊन सिलिंडरच्या झडपा तपासायला लागले.

२७ जानेवारी
तिन्ही भरले. मी 'नाही' म्हटलं नाही. नोकरी जाईल, ही भीती. शेजारी उभी राहून दाब वाचला, लिहून घेतला. हवा कोरडी आहे. कडीला हात लावला की विजेचा बारीक झटका बसतो. डोळ्यांना न दिसणारी ठिणगीही याला पुरते.

२८ जानेवारी
मधल्या सिलिंडरच्या मानेला साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे. गळतोय. सर म्हणाले, उद्या बघू. वासंतीताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, वास तर येत नाही गं.
वास नसतोच याला.

२९ जानेवारी, दुपारी दीड
सर जेवायला गेले, सुदर्शनदादा सामान आणायला. जेवणाच्या वेळी गिऱ्हाईक आत शिरू नये म्हणून रोजच्यासारखं शटर ओढून, बाहेरून कुलूप. मी आत डबा खाते. आज फुसफुस ऐकू येतेय. साबण न लावता. फोन सिलिंडरमागच्या प्लगला चार्जिंगवर. हात लावला, उपटला, तरी ठिणगी. पंख्याचं बटण — नाही.

पावणेदोन
जमिनीवर, शटरच्या फटीशी बसलेय. गॅस हलका, वर चढतो. शटरची गुंडाळीही वरच, छताशी. लोखंडावर लोखंड घासलं की —
कुडता नायलॉनचा, घासला तरी ठिणगी. मी हलत नाहीये.
वर शिलाई मशीनं चालू. सोळा बायका. ओरडले. कुणाला ऐकू —

वहीची दोन पानं लिहून बाहेर सरकवली. शटर उघडू नका, वरच्यांना बाहेर काढा. वाऱ्याने रस्त्यावर गेली.

फटीत चपला. सुदर्शनदादा. दुसरी किल्ली त्यांच्याकडे. ओरडतेय, उघडू नका, उघडू नका. टेम्पोचा हॉर्न —
"काय? रडू नका हो ताई, उघडतो लगेच!"

मी ओरडतेय म्हणूनच घाई करताहेत.
कुलूप निघालं.
हे पान सरकवते — दादा, शट